नाताळचा फराळ आणि हातच्या भेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की वसईतल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. कुणाचा केक खचलेला असतो, कुणाकडे ओव्हन नसतो, कुणाला शेजारच्या ख्रिस्ती घरातून आलेल्या ताटाची परतफेड करायची असते. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे. सगळ्या कृती आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं होणाऱ्या आहेत.

नाताळ म्हणजे २५ डिसेंबर. मग एवढी लांबलचक तयारी कशाला?

कारण नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. त्याआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी येतो. मग २४ तारखेची मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, नाताळ, नवीन वर्ष आणि त्यानंतर तीन राजांचा सण. हा मुळात ६ जानेवारीचा, पण चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी तो जवळच्या रविवारी होतो. गोव्यात मात्र रेईस मागोस, चांदर आणि कासावलीच्या बाजूला ६ तारखेलाच राजांच्या वेशातली तीन मुलं निघतात. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की हा काळ संपतो. सगळं मिळून पाच-सहा आठवडे होतात.

हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मी धावपळ कमी होते. सगळे पदार्थ, सगळ्या भेटी २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तयार हव्यात असं कुणी सांगितलेलं नाही. काही भेटी आधी पोचतात, काही नवीन वर्षाला, काही तीन राजांच्या सणाला. बाळ येशूसाठी राजे भेटी घेऊन आले त्याची आठवण म्हणूनच तो सण आहे, त्यामुळे भेट द्यायला तो दिवस फार योग्य.

मी नोकरी करते, हाताशी फक्त रविवार असतो. कुठल्या रविवारी काय करू?

ज्याला मुरायला वेळ लागतो ते आधी आणि जे लगेच शिळं होतं ते शेवटी, एवढं धरून चालायचं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सुका मेवा कापून भिजत घाला. त्याच दिवशी, विणकाम किंवा शिवण करणार असाल तर त्याचीही सुरुवात करा, कारण हातशिवणीला आपल्या अंदाजापेक्षा नेहमी दुप्पट दिवस लागतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चांदणी, म्हणजे नाताळचा कागदी कंदील. दुसऱ्या रविवारी केक भाजा आणि गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरा. तिसऱ्या रविवारी कुलकुल, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचं तळलेलं गोड. हे काम एकटीने करू नका, घरातल्या सगळ्यांना बसवा. पेरू स्वस्त आणि पिकलेले दिसतील त्या आठवड्यात पेराद, म्हणजे पेरूची वडी. चौथ्या रविवारी नेवऱ्या, कारण ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या टिकत नाहीत. नानखटाई आणि साधी बिस्किटं नाताळनंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. तोवर मुलांना सुट्टी असते आणि घरातले गोडाचे डबे अर्धे झालेले असतात.

एखादा रविवार हुकला तर तो पदार्थ सोडून द्या. चार पदार्थ नीट झाले तरी ताट भरलेलं दिसतं.

नाताळच्या फराळात नेमकं काय काय असतं?

घरागणिक, गावागणिक वेगळं असतं. मंगळुरू भागात या सगळ्या फराळाला कुसवार म्हणतात आणि तो शब्द मुंबईपर्यंत आला आहे. गोव्यात नेवऱ्यो, दोदोल, बेबिंका, पेराद, चण्याच्या डाळीचा दोस, खोबऱ्याची बिस्किटं म्हणजे बोलिन्यास. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान, मिल्क क्रीम, रवा-खोबरं-बदामाचं थाळी स्वीट आणि जेवणाला तळलेल्या फुग्या.

नीट पाहिलंत तर यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. नेवरी ही करंजीची बहीण, कुलकुल हे शंकरपाळ्याच्या घराण्यातलं. वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, दोनशेहून अधिक वर्षं. बेकिंगची आवड आणि बरेचसे पदार्थ त्या काळातून आले, पण नारळ, तांदूळ, रवा, गूळ इथलाच. म्हणून ज्याला दिवाळीचा फराळ येतो त्याला नाताळचा फराळ परका वाटत नाही.

कुलकुलाला तो शिंपल्यासारखा आकार कसा देतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पाव किलोचे दोन माप म्हणजे ५०० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा मीठ. त्यात ५० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन घाला आणि पीठ हाताने चोळा. मूठ वळली की मोहन बरोबर झालं. मग एक फेटलेलं अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध घालून पुरीच्या पिठापेक्षा किंचित मऊ मळा. ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवा.

आता काटा चमचा घ्या. तो डाव्या हातात असा धरा की दात ताटाला टेकलेले आणि पाठीचा फुगवटा तुमच्याकडे. दातांच्या पाठीला तेलाचं बोट फिरवा. पिठाची बोराएवढी गोळी त्यावर ठेवा आणि अंगठ्याने दाबत टोकापर्यंत पसरवा. गोळीची पातळ, रेघा उमटलेली चकती होते. मग वरच्या कडेला नखाने हळूच उचलून ती चकती खाली गुंडाळत आणा आणि शेवटची कड दाबून बंद करा. रेघा बाहेरच्या बाजूला येतात, आत पोकळी राहते. पहिले दहा-पंधरा वेडेवाकडे होतात, विसाव्यानंतर बोटांना लय सापडते. काट्याऐवजी कोरा, धुतलेला कंगवा घेतला तर रेघा बारीक आणि जवळजवळ येतात. माझी आजी कंगवाच वापरायची आणि तो कंगवा वर्षभर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला असायचा.

वळलेले कुलकुल ताटात पसरून फडक्याने झाका, नाहीतर वरून सुकून तळताना तडकतात. मध्यम आचेवर, कढईत गर्दी न करता, सतत झारा फिरवत तळा. बदामी रंगाच्या एक पायरी अलीकडे काढायचे, कारण बाहेर काढल्यावरही रंग चढतो.

वरून साखर चढवायची असेल तर २०० ग्रॅम साखर आणि पाव कप पाणी यांचा पक्का दोनतारी पाक करा, गॅस बंद करून गार झालेले कुलकुल त्यात टाका आणि साखर पांढरी पडेपर्यंत हलवत राहा.

माझे कुलकुल तेलात विरघळतात. आणि जे राहतात ते दोन दिवसांत मऊ पडतात.

विरघळतात म्हणजे मोहन किंवा साखर जास्त झाली. उरलेल्या पिठात थोडा मैदा मळून घ्या आणि पहिल्यांदा एकच तळून पाहा.

मऊ पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा मोठी आच. बाहेरून रंग येतो, आत ओलावा राहतो आणि तोच ओलावा डब्यात बाहेर येतो. आणखी एक कारण म्हणजे कोमट असतानाच डबा बंद करणं. पूर्ण गार होऊ द्या, अगदी रात्रभर कागदावर पसरलेले राहिले तरी चालतील. मऊ पडलेले कुलकुल ओव्हनमध्ये १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात. साखर चढवलेल्यांना मात्र हा उपाय करू नका.

घरी ओव्हन नाही. केक होईल का?

होईल. जाड बुडाची कढई किंवा जुना कुकर घ्या. कुकर असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढा. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड किंवा उलटी ताटली ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. केकचं भांडं आत ठेवलं की आच बारीक. साध्या केकला ४५ ते ६० मिनिटं लागतात. मीठ नंतर डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी याच कामाला येतं. रोजच्या वापरातला चांगला कुकर यासाठी घेऊ नका. पाण्याशिवाय तापवल्याने त्याचं बूड खराब होऊ शकतं.

पूर्वी घरोघरी ओव्हन कुठे होते? दिवाळीत तूप-मैदा-साखर घेऊन बायका नानखटाई भाजायला बेकरीत जायच्या आणि नाताळात आमच्याकडे केकची पातेली बेकरीत जायची. पातेल्याला ओळखीसाठी चिंधी बांधलेली असायची. आजही ओळखीचा भट्टीवाला असेल तर विचारून पाहा. पाव काढल्यानंतर उतरत्या भट्टीत मेव्याचा केक फार सुंदर भाजला जातो.

मेवा किती दिवस भिजवायचा? आणि रम वापरायची नसेल तर?

रममध्ये तीन आठवडे उत्तम, एक आठवडाही पुरतो. ५०० ग्रॅम कापलेल्या मेव्याला साधारण १५० मिलिलिटर रम. काळे आणि पिवळे मनुके, बिनबियांचा खजूर, सुकं अंजीर, जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा. टुटीफ्रुटी घाला अथवा घालू नका, मी नाही घालत. कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि दर दोन दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा.

रम नको असेल तर संत्र्याचा ताजा रस उकळून निम्मा करा आणि गरम असतानाच मेव्यावर ओता. त्यात दालचिनीचा एक तुकडा आणि सालीचा कीस. हा मेवा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवायचा, आठवडे नाही, रस आंबतो. नागपूरची संत्री डिसेंबरात बाजारात असतात आणि त्यांचा वास या केकला फार शोभतो. माझ्याकडे दोन्ही केक होतात, आणि कुठल्या केकमध्ये रम आहे हे डब्यावर ठळक लिहिलेलं असतं. भेट देताना ही माहिती न सांगणं मला चुकीचं वाटतं.

केकला तो गडद तपकिरी रंग कुठून येतो? कोको घालता का?

नाही, जळलेल्या साखरेतून. १०० ग्रॅम साखर आणि एक चमचा पाणी जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. ढवळू नका, भांडंच फिरवा. आधी मधासारखा रंग येतो. तिथे बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात आणि केक फिकट होतो. थांबा. मग तांबूस, मग गडद तांबूस, बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागतात, आणि काळ्या चहाचा रंग येऊन कडेने धुराची पहिली रेघ दिसते. त्याच क्षणी गॅस बंद. हात लांब ठेवून, मुलांना बाजूला करून, ८० मिलिलिटर उकळतं पाणी थोडं थोडं ओता. जोरात उसळतं, म्हणून भांडं खोलच हवं. गार पाणी ओतलं तर साखरेचा दगड होतो.

बाकीचा केक असा: २०० ग्रॅम मऊ लोणी आणि १५० ग्रॅम साखर हलकं होईपर्यंत फेटा, एकेक करून चार अंडी, मग गार झालेला जळक्या साखरेचा पाक. २५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दालचिनी-लवंग-जायफळाची एक छोटा चमचा पूड हे दोनदा चाळून हलक्या हाताने मिसळा. शेवटी मेवा आणि १०० ग्रॅम काजू-अक्रोड. आठ इंची भांड्याला आतून दुहेरी बटर पेपर लावा. १६० अंशांवर ७० ते ९० मिनिटं. विणकामाची सुई मधोमध खुपसून कोरडी निघाली की झाला.

नाताळच्या केकचा विषय निघाला म्हणून सांगते. केरळातल्या थलश्शेरीत मांबळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी विलायती केक पाहून तसाच केक इथल्या साहित्यातून बनवला, तो भारतातला पहिला नाताळचा केक मानला जातो.

मनुके तळाशी बसतात आणि केक मधोमध खचतो. काय चुकतं?

मेव्याला मैदा चोळा असं सगळे सांगतात आणि त्याने थोडा फरक पडतोही. पण खरं कारण बहुतेक वेळा पातळ मिश्रण. मेवा गाळणीवर निथळून घ्या, उरलेली रम नंतर केकवर शिंपडायला ठेवा. मिश्रण चमच्यावरून धारेसारखं न पडता गोळ्यासारखं पडायला हवं.

खचतो तो बेकिंग पावडर जास्त झाल्याने किंवा मध्येच झाकण उघडल्याने. पहिला पाऊण तास उघडून बघायचंच नाही. आणि केकचं मिश्रण मैदा घातल्यावर फार फेटू नका, चिवट होतो.

अंड्याशिवाय केक चांगला लागतो का?

मेव्याचा केक चांगला होतो, कारण खजूर आणि मनुके ओलावा धरून ठेवतात. चार अंड्यांऐवजी २०० ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं दही, आणि बेकिंग पावडरच्या जोडीला अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. सोडा घातला की मिश्रण लगेच भाजायला ठेवा. हा केक आठवडाभरात संपवा.

शाकाहारी घरी द्यायचा असेल तर फक्त अंडं वगळून भागत नाही. भांडी, फेटणी वेगळी धुऊन घ्या आणि जिलेटिन असलेली मिठाई त्या डब्यात ठेवू नका. घेणाऱ्याने शंका न येता खावं असं वाटत असेल तर एवढं करायला हवं.

मेव्याचा केक महाग पडतो. साधा, घरच्या सामानातला कुठला?

रवा-नारळाचा. गोव्यात त्याला बाथ किंवा बातिका म्हणतात. २५० ग्रॅम बारीक रवा, तेवढीच साखर, एका मध्यम नारळाचा चव अगदी थोड्या पाण्यात वाटलेला, १०० ग्रॅम लोणी, तीन अंड्यांचे बलक. एकत्र करून रात्रभर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका, रवा फुगायला वेळ लागतो आणि तो न फुगता भाजला तर केक भुसभुशीत न होता खरखरीत लागतो. सकाळी बाहेर काढून मऊ होऊ द्या, मग एक छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची आणि फेटून फुलवलेलं अंड्याचं पांढरं मिसळा. वर पिठाच्या बारीक पट्ट्यांची जाळी घालतात, तीच त्याची ओळख. १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. तीन-चार दिवस टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

काहीच भाजायचं-तळायचं नाही, तरी खाण्याची भेट द्यायची आहे.

पेराद करा. थंडीत पेरू भरपूर मिळतो आणि त्यात पेक्टिन इतकं असतं की वेगळं काही न घालता वडी जमते. एक किलो पिकलेले पण घट्ट पेरू उकडून गाळणीतून गाळा. गराच्या वजनाच्या पाऊणपट साखर, दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या कढईत लांब दांड्याच्या चमच्याने ढवळत राहा, कारण हा गर उडतो आणि हातावर पडला तर चांगलाच भाजतो. पाऊण-एक तासाने गोळा कडा सोडतो, रंग विटकरी होतो. एक चमचा लोणी घालून तूप लावलेल्या ताटात थापा, दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्याच्या आकारात कापा. महिनाभर टिकते.

दुसरी भेट उन्हाळ्यातच ठरवावी लागते. ईस्ट इंडियन घरांत एप्रिल-मेमध्ये बाटलीचा मसाला होतो, वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला. त्यातली एक बाटली नाताळात कुणाला देणं म्हणजे आपल्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू देणं.

घरी द्राक्षाची वाइन करून वाटली तर चालते का?

पूर्वी बऱ्याच घरांत व्हायची, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. त्याऐवजी आल्याचं सरबत करा: आल्याचा रस, लिंबू, गूळ, लवंग. ते गरम प्यायलाही छान लागतं.

खाण्याखेरीज हाताने काय करून द्यावं?

जे रोजच्या वापरात राहील ते. आईच्या जुन्या सुती साडीची पिशवी. दोन साड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घातलेली हातभर गोधडी, लहान बाळ असलेल्या घरासाठी यापेक्षा चांगली भेट मला माहीत नाही. ताट झाकायचा क्रोशाचा रुमाल, ज्याच्या कडेला मणी ओवलेले असतात म्हणजे तो वाऱ्याने उडत नाही. असा एक रुमाल मला मावशीने दिला त्याला बावीस वर्षं झाली, आणि दर नाताळात फराळाचं ताट त्याखालीच जातं.

आगमनकाळासाठी चार मेणबत्त्यांचं चक्र करून देता येतं. हे १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी सुरू केलं, नाताळ कधी येणार हे मुलं रोज विचारत म्हणून. त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. आता चारच असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. आमच्याकडे सुरूच्या डहाळ्या मिळतात, त्या तारेच्या कड्याला गुंडाळतो. डहाळ्या सुकल्या की लगेच बदला, जळत्या मेणबत्तीजवळ सुकी पानं नकोत.

चांदणी घरी करता येते का?

ज्याने दिवाळीचा आकाशकंदील केला आहे त्याला नक्की येईल. सारख्या लांबीच्या दहा कामट्या, साधारण दोन-दोन फुटी. पाच कामट्यांची एक पाचटोकी चांदणी बांधायची, अशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर काड्या आडव्या ताणून बसवा म्हणजे चांदणीला पोट येतं. मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद लावा, एका बाजूला दिव्यासाठी जागा सोडा. एलईडीचाच दिवा लावा. पूर्वी साध्या बल्बच्या उष्णतेने कागद करपायचा.

गोठ्यातलं हिरवं गवत खरं असतं का?

हो, आम्ही पेरतो. नाचणी, भात किंवा गहू रात्रभर भिजवून उथळ ताटात मातीवर दाट पसरायचा, बारा-चौदा दिवस आधी. घटस्थापनेला आपण धान्य पेरतो तसंच. रोज पाणी शिंपडायचं, जास्त नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात खऱ्या जनावरांसह गव्हाण उभी केली, तिथून ही गोठ्यांची परंपरा पसरली. वसईत गोठ्यांमध्ये विहीर, पेंढ्याची उडवी, बैलगाडी, केळीची वाडी असते. गोठा मुलांनाच करू द्या. छोटा, खोक्यात मावणारा गोठा करून आजी-आजोबांच्या घरी नेऊन ठेवला तर तीही एक भेटच.

कुठला पदार्थ किती टिकतो?

घट्ट झाकणाच्या डब्यात कुलकुल तीन आठवडे, नानखटाई दोन-तीन आठवडे, सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या दोन आठवडे. ओल्या खोबऱ्याच्या दोन-तीन दिवसच. काजूचं मार्झिपान फ्रिजमध्ये दोन आठवडे. रमचा केक कागदात गुंडाळून महिनाभर. डब्यात केक आणि कुलकुल एकत्र ठेवू नका, केकचा ओलावा कुलकुल ओढून घेतात.

डब्यावर काय लिहावं?

पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, आणि अंडं, सुका मेवा, दूध, मद्य यातलं काय आहे. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. मध घातला असेल तर तेही लिहा, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत.

बाहेरगावी किंवा परदेशी पाठवता येईल?

देशात पाठवायचं तर मेव्याचा केक, कुलकुल, पेराद. प्रत्येक पदार्थ वेगळ्या डब्यात, मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद, आणि बाहेर पुठ्ठ्याचं दुहेरी खोकं. २० डिसेंबरनंतर पाठवू नका. एकदा मी २१ तारखेला पाठवलेला डबा २९ ला पोचला आणि नेवऱ्यांना बुरशी आलेली होती. त्यानंतर नेवऱ्या मी फक्त हातोहात देते.

परदेशात अंडी-दुधाच्या पदार्थांवर वेगवेगळे नियम आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फारच कडक. खाण्याचे पदार्थ असतील तर ते जाहीर करावेच लागतात. तिकडच्या लेकीसुनांना क्रोशाचा रुमाल आणि हाताने लिहिलेली कुलकुलाची कृती पाठवा. मैदा तिथेही मिळतो.

आम्ही ख्रिस्ती नाही. शेजाऱ्यांनी नाताळचं ताट पाठवलं, परत काय द्यावं?

ताट रिकामं परत पाठवू नका, बस. साखर घातली तरी चालते, घरची चार फळं चालतात. आमच्या आळीत दिवाळीला चकली-करंजी घेऊन आलेलं ताट आमच्याकडेच थांबतं आणि नाताळात कुलकुल-केक घेऊन घरी जातं. तुम्हाला काही करून द्यायचं असेल तर तिळाची वडी द्या. नाताळचा काळ संपतो न संपतो तोच संक्रांत येते.

घरात या वर्षी कुणी गेलं आहे. तरी करायचं का?

आमच्याकडे त्या वर्षी घरात गोड करत नाहीत, आणि शेजारी करून आणतात. गोव्यातही असंच आहे, आणि दिवाळीच्या बाबतीत बहुतेक मराठी घरांत हाच रिवाज आहे. म्हणून ताटं मोजताना अशा घरांचं ताट आधी मोजा. त्या ताटात जास्त काही लागत नाही, थोडं कमी गोड, आणि घेऊन जाणाऱ्याने दहा मिनिटं बसावं. माझे वडील गेले त्या नाताळात आमच्या ओट्यावर अकरा घरांची ताटं आली होती. कुठलं कुणाचं हे मला अजून आठवतं.

करून विकायचं असेल तर?

घरगुती असलं तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, १४ आकडी क्रमांक मिळतो आणि तो डब्यावर छापावा लागतो. भाव ठरवताना गॅस, डबा आणि तुमचे तास धरा. बायका स्वतःच्या हाताचे तास हिशेबात धरत नाहीत, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

२५ तारीख होऊन गेली आणि काहीच झालं नाही. आता उशीर झाला ना?

नाही. तीन राजांच्या सणापर्यंत वेळ आहे. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम तूप, दोन चमचे बेसन, वेलची. तूप आणि साखर पांढरं होईपर्यंत फेसा, पीठ मिसळा, गोळे करून १६० अंशांवर वीस मिनिटं. वीस-बावीस नानखटाया होतात. गार झाल्या की वर्तमानपत्रात नाही, स्वच्छ कागदाच्या पुडीत बांधा, दोरा लावा, आणि संध्याकाळी स्वतः चालत नेऊन द्या.